नांदायला न गेलेली डॉक्टरीणबाई

मैत्रिणींनो, आज जरा माझ्यापासूनच सुरुवात करते.

कोरीट हे माझं सासर. नंदुरबार तालुक्यातलं गाव. नोकरी मात्र दुसरीकडे, एका आडवळणाच्या उपकेंद्रात. एएनएम, म्हणजे तुमच्या-आमच्या भाषेत नर्सबाई. तीस वर्षं लसी टोचल्या, गोळ्या वाटल्या, बाळंतपणं केली. किती बाळं या हातांवर आली, त्याचा हिशेब नाही. पण एक हिशेब अजून मनात बाकी आहे.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. एक तरुण बाई दर पंधरा-वीस दिवसांनी उपकेंद्रात यायची. कधी डोकं दुखतंय, कधी कंबर, कधी झोपच लागत नाही. एकदा दंडावर काळानिळा डाग होता. एकदा भुवईवर खोक. विचारलं की म्हणायची, न्हाणीत पाय घसरला. मी रजिस्टरात लिहायची, पडून मार. गोळ्या द्यायची, मलम द्यायची, पुढचा पेशंट बोलवायची.

एक दिवस ती नवऱ्याबरोबर आली. मनगट सुजलेलं होतं. मी नवऱ्याच्या देखतच तिला विचारलं, कुणी मारलं का गं? तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. नाही म्हणाली. त्यानंतर ती माझ्याकडे पुन्हा कधीच आली नाही.

मला तेव्हा वाटलं होतं, मी विचारलं, माझं काम झालं. पण नवऱ्यासमोर विचारून मी तिचं येणंच बंद केलं होतं. तिला बाहेर पडायला जे एकच निमित्त होतं, ते माझ्यामुळे गेलं. हे कळायला मला बरीच वर्षं लागली. आणि ते ज्या बाईचं चरित्र वाचताना कळलं, तिची ओळख आज तुम्हाला करून द्यायची आहे. डॉ. रखमाबाई!

आमच्या भागात मोठं दुखणं आलं की माणसं गाडीत बसतात आणि सुरत गाठतात. नंदुरबारहून सुरतेची गाडी म्हणजे आमचा नेहमीचा रस्ता. आमच्या जिल्ह्यातून वाहत जाणारी तापी तिथंच समुद्राला मिळते. पुतणीच्या बाळंतपणासाठी मीही अशीच सुरतेला गेले होते. तेव्हा एका नातेवाईक बाईंनी सांगितलं की, शंभर वर्षांपूर्वी या शहरात एक मराठी डॉक्टरीणबाई होऊन गेल्या, त्यांचं नाव रखमाबाई. मी चमकलेच! मला रखमाबाई माहीत होत्या त्या कोर्टाच्या खटल्यातल्या. त्या आमच्या इतक्या जवळ, सुरतेच्या दवाखान्यात, बायकांची दुखणी काढत होत्या हे मला ठाऊकच नव्हतं. मग मिळेल ते वाचत गेले.

डॉक्टरांच्या घरातली लेक

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतला. आई जयंतीबाई. रखमा पोटात आली तेव्हा आई स्वतःच पोर होती, जेमतेम पंधरा वर्षांची. वडील जनार्दन पांडुरंग लवकर गेले आणि सतराव्या वर्षी जयंतीबाई विधवा झाल्या. त्यांचा समाज सुतार. त्या समाजात विधवेच्या पुनर्विवाहाची चाल होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी लग्न केलं. जाण्याआधी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावावर करून दिली. हे लक्षात ठेवा, पुढे या मालमत्तेचाही विषय निघाला.

सखाराम अर्जुन म्हणजे मुंबईतले नावाजलेले डॉक्टर. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायचे, झाडापाल्याच्या औषधांचा अभ्यास करायचे. १८८३ साली मुंबईत निसर्ग अभ्यासकांची जी मोठी संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत ते होते. असा बाप लाभला तरी रखमाचं लग्न काही चुकलं नाही. अकराव्या वर्षी तिचं लग्न लागलं. नवरा दादाजी भिकाजी, एकोणीस-वीस वर्षांचा, सावत्र वडिलांच्याच नात्यातला. ठरलं असं की, जावयानं सासऱ्याच्या घरी राहायचं, शिकायचं आणि मार्गाला लागायचं.

पण दादाजीचं मन शिक्षणात रमेना. तो मामाच्या घरी राहायला गेला. आजारी पडला, कर्ज झालं. रखमा मात्र वडिलांच्या घरीच राहिली. एवढ्या लहान मुलीला नवऱ्याच्या स्वाधीन करणं शरीराला बरं नाही, हे डॉक्टर सखारामांना दिसत होतं आणि ते आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. जरा विचार करा, त्या काळात ही गोष्ट घरातल्या घरात कळावी असा डॉक्टर किती मुलींच्या नशिबी होता?

रखमा घरी बसून शिकत राहिली. मिशनच्या वाचनालयातली पुस्तकं आणून वाचायची. आर्य महिला समाजाच्या कामात जाऊ लागली. नवरा तिकडे, ती इकडे. अशी वर्षं गेली आणि अकरा वर्षांची पोर वीस वर्षांची विचार करणारी बाई झाली.

नांदायला ये!

मार्च १८८४ मध्ये दादाजीच्या वकिलाची नोटीस आली. बायकोला नांदायला पाठवा. रखमाबाई गेल्या नाहीत. मग खटला उभा राहिला. याच सुमारास, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन वारले. पाठीशी उभा असलेला बापच गेला.

मैत्रिणींनो, इथं एक गोष्ट नीट समजून घेऊया. रखमाबाईंना नवऱ्यानं मारलं, अशी ही केस नव्हती. त्या दोघांचा संसारच कधी झाला नव्हता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. हे लग्न मला न विचारता, न कळत्या वयात लावलं. या माणसाची तब्येत, त्याची परिस्थिती, त्या घरातलं वातावरण, हे सगळं पाहता मी तिथं जाणार नाही. पण एका मोठ्या बाईला तिच्या इच्छेविरुद्ध कायद्यानं ओढून नेऊन एका घरात कोंडायचं, हा जुलूम नाही तर काय? आज आपला कायदाही मानतो की छळ फक्त हातानं होत नाही. शब्दांनी होतो, पैसे अडवून होतो, मन मोडून होतो. रखमाबाईंना ते सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडिया या इंग्रजी पत्रात एका हिंदू स्त्रीची पत्रं छापून आली. बालविवाहानं मुलीच्या शिक्षणाचा आणि शरीराचा कसा सत्यानाश होतो, विधवेच्या वाट्याला काय येतं, हे त्यात मांडलं होतं. नाव नव्हतं. नंतर कळलं, त्या रखमाबाईच!

२१ सप्टेंबर १८८५ ला न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूनं दिला. दोघं कधी एकत्र राहिलेच नाहीत, तर सहवास परत मिळवून द्यायचा कसा, असा त्यांचा मुद्दा होता. शिवाय हा नांदवण्याचा दावा मुळात आपल्या शास्त्रातला नाही, तो इंग्लंडच्या कायद्यातून इथं आलेला आहे, हेही त्यांनी दाखवून दिलं.

पण मोठं वादळ उठलं. धर्मात सरकारनं हात घातला, असं अनेकांना वाटलं. टिळकांनीही या निकालावर टीका केली. बेहरामजी मलबारी, पंडिता रमाबाई अशी मंडळी रखमाबाईंच्या बाजूनं उभी राहिली. १८८६ मध्ये अपील झालं, वरच्या न्यायाधीशांनी पहिला निकाल फिरवला आणि खटला पुन्हा सुनावणीला पाठवला.

एक महिना, नाहीतर सहा महिने

४ मार्च १८८७. न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की, महिन्याभरात नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा.

रखमाबाई काय म्हणाल्या असतील? त्यांनी सांगून टाकलं की, मी शिक्षा भोगीन पण जाणार नाही. बावीस वर्षांची बाई! वडील गेलेले. सगळा गाव तोंडसुख घेतोय. आपल्यापैकी किती जणींना असं बोलवलं असतं?

एक योगायोग मला फार लागून राहिला. त्याच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी क्षयानं गेल्या. अमेरिकेत शिकून डॉक्टर होऊन आलेली आपली पहिली मुलगी, इथं डॉक्टरी सुरू करायच्या आधीच गेली. आणि त्याच आठवड्यात मुंबईच्या कोर्टात जिला तुरुंग दाखवला जात होता, ती पुढे डॉक्टर होऊन पस्तीसएक वर्षं पेशंट तपासणार होती. तेव्हा हे कुणाला माहीत होतं?

शेवटी तुरुंगाची वेळ आली नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीनं दोन हजार रुपये घेतले आणि दावा सोडला. पुढच्या वर्षी त्यानं दुसरं लग्नही केलं. त्याची गाडी अशी रुळावर आली. रखमाबाईंसाठी मात्र दुसऱ्या लग्नाचा रस्ता नव्हता, कारण पहिलं लग्न कायद्यानं मोडलंच नव्हतं.

अशा वेळी त्यांच्या आयुष्यात आणखी एक डॉक्टर आल्या, एडिथ पेची. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या त्या प्रमुख. इंग्लंडात बायकांना डॉक्टरी शिकू देत नव्हते तेव्हा त्यासाठी भांडलेल्या पहिल्या काही जणींतल्या त्या एक. त्यांनी रखमाबाईंना धीर दिला, डॉक्टर व्हायला सुचवलं, पैसे उभे करायला मदत केली. १८८९ साली रखमाबाई लंडनला बायकांच्या मेडिकल कॉलेजात शिकायला गेल्या. १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, ब्रसेल्सहून एम.डी. पदवीही घेतली.

सुरतेचा दवाखाना

परत येऊन १८९५ मध्ये त्या सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात रुजू झाल्या. तिथं त्या १९१७ पर्यंत राहिल्या. सलग बावीस वर्षं! या काळात सुरतेत प्लेगची साथ आली, दुष्काळ पडले. त्या काम करत राहिल्या. नंतर राजकोटच्या जनाना हॉस्पिटलमध्ये गेल्या आणि १९३० च्या आसपास निवृत्त होईपर्यंत तिथं होत्या.

पण सुरुवातीला सुरतेत बायका दवाखान्याकडे फिरकतच नसत. दवाखान्यात गेलेली बाई परत येत नाही, अशी भीती. तेव्हाची एक आठवण सांगतात. रखमाबाईंनी म्हणे एक गाभण शेळी दवाखान्यात आणून तिची सुटका केली. शेळी आणि करडू दोघं धडधाकट पाहून बायकांची भीती हळूहळू गेली. पुढे बाळंतपणासाठी बायका आपण होऊन येऊ लागल्या.

तीस वर्षं बाळंतपणं करून मलाही एक गोष्ट पटली आहे. बाई आधी विश्वास टाकते, मग दुखणं सांगते. आणि बाईला घरातून एकटीनं बाहेर पडायला जी थोडी निमित्तं मिळतात, त्यात दवाखाना एक. पोलिस चौकीत गेली तर गावभर होतं. वकिलाकडे गेली तर घर पेटतं. पण मुलाच्या लसीला गेली, अंगावरून जातंय म्हणून गेली, तर कुणी अडवत नाही. रखमाबाईंचा दवाखाना तर खास बायकांचाच. बंद दारांआडच्या कितीतरी बायकांना दुसऱ्या बाईशी एकटीनं बोलण्याची ती एकच जागा असेल.

१९०४ मध्ये दादाजी वारला. तेव्हापासून रखमाबाई विधवेसारखी पांढरी वस्त्रं नेसू लागल्या, असं सांगतात. हे वाचून मी गोंधळले. ज्याच्याकडे नांदायला गेल्या नाहीत, त्याच्यासाठी पांढरं लुगडं? मग वाटलं, आपण बायका अशाच गुंत्यात जगतो. छळ सोसणारी बाई नवऱ्याचा उपासही धरते. दवाखान्यातल्या माणसानं तिला त्यावरून हसायचं नसतं. आधी तो गुंता समजून घ्यायचा असतो.

रखमाबाई २५ सप्टेंबर १९५५ ला वारल्या. वय नव्वद. नांदायला न जाणाऱ्या बाईला तुरुंगात टाकायची सोय कायद्यातून १९२३ मध्येच निघाली होती. पण नांदायला बोलावण्याचा दावा काही गेला नाही. रखमाबाई गेल्या त्याच वर्षी आलेल्या हिंदू विवाह कायद्यात तो कलम ९ म्हणून आला, तो आजही आहे.

आणि आपण?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. त्यात महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी साधारण चौथ्या बाईनं नवऱ्याकडून मारहाण किंवा जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. देशभरात मार सोसणाऱ्यांपैकी शंभरात जेमतेम चौदा जणींनी कुणाकडे मदत मागितली, तीही बहुतेक माहेरच्या माणसांकडे. डॉक्टर-नर्सला सांगणारी अगदी विरळा. म्हणजे ती आपल्या समोर बसते, गोळी घेते आणि निघून जाते. माझ्यासमोर बसली होती तशीच.

हे बदलता येतं. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि सेहत या संस्थेनं मिळून दिलासा केंद्र सुरू केलं. मार खाल्लेली बाई उपचाराला आली की तिथंच तिच्याशी बोलणारं, मार्ग दाखवणारं माणूस मिळू लागलं. जागतिक आरोग्य संघटनेनंही डॉक्टर-नर्ससाठी साध्या पायऱ्या सांगितल्या आहेत. शांतपणे ऐका. तिला काय हवंय ते विचारा. तिच्यावर विश्वास आहे, चूक तिची नाही, हे तिला कळू द्या. ती आज घरी सुरक्षित राहील का ते पाहा. आणि पुढची मदत कुठं मिळेल ते सांगा. निर्णय मात्र तिचा. घर सोडच किंवा सहन करच, असा हुकूम आपण द्यायचा नाही. हुकूम देणारे तिच्या घरी पुष्कळ असतात.

हे सगळं वाचल्यावर मी उपकेंद्रात एक साधी युक्ती केली. बाईबरोबर नवरा किंवा सासू आली की त्यांना केसपेपर काढायला, नाहीतर औषध आणायला बाहेर पाठवायची. दार लोटायचं. मग हळूच विचारायचं, घरी सगळं ठीक आहे ना? आणि गप्प बसायचं. घाई करायची नाही.

पहिल्या दोघी-तिघी काहीच बोलल्या नाहीत. एक मात्र बाळाच्या लसीकरणाच्या दिवशी आली होती, बाळ कडेवर घेऊन. मी विचारलं, ती खूप वेळ बाळाच्या टोपड्याची गाठ सोडत-बांधत राहिली. मग पदर थोडा बाजूला करून पाठ दाखवली. मी रजिस्टरात पडून मार लिहिलं नाही. कुठं, किती मोठा वळ, केव्हाचा, तिनं कुणाचं नाव सांगितलं, सगळं तिला विचारून लिहिलं. तिनं ठरवलं ते तिनं ठरवलं. लगेच घर सोडलं नाही. पण दर महिन्याला येत राहिली. पुढे कोर्टात गेली तेव्हा तो कागद तिच्या कामी आला.

आधीची ती, सुजलेल्या मनगटाची, मला पुन्हा भेटली नाही. ती कुठं असेल, कशी असेल? सुरतेच्या गाडीत बायकांच्या डब्यात बसले की अजून मी चेहरे बघत असते.

तुमच्यापैकी कुणी आशाताई असेल, कुणी नर्स, कुणी डॉक्टरांच्या दवाखान्यात केसपेपर लिहिणारी. तुम्हाला एवढंच सांगते, बाई दुसऱ्यांदा पडून आली की तिसऱ्यांदाची वाट पाहू नका. दार लोटा आणि विचारा. आणि जी सोसतेय तिला सांगते, पुढच्या वेळी दवाखान्यात गेलीस की डोकं दुखतंय म्हणून थांबू नकोस. डोकं का दुखतंय, तेही सांग.

हे लक्षात असू द्या

* कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. मारहाणीबरोबर शिवीगाळ, मानसिक छळ आणि पैशांची अडवणूकही त्यात येते.
* मदत मागणाऱ्या पीडित बाईला दवाखान्यानं उपचार द्यायलाच हवेत. आधी तक्रार नोंदवून या, असं सांगून परत पाठवता येत नाही.
* आधी नोंद झालेली नसेल तर दवाखान्याच्या प्रमुखानं घटनेचा अहवाल भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो.
* तपासणीच्या अहवालाची प्रत तुम्हाला फुकट मिळते. मागून घ्या आणि माहेरी किंवा विश्वासाच्या जागी ठेवा.
* महिला हेल्पलाइन १८१. जीवावर बेतलं तर ११२. वन स्टॉप सेंटर, म्हणजे सखी केंद्रात, उपचार, सल्ला, तात्पुरता निवारा आणि वकिलाची मदत एकाच ठिकाणी मिळते.